तीन बाटल्या, एक आकडा

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी दचकणार नाही. वडील कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे घरात प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं आणि बोलणं पुस्तकातलं. पण वाढले यवतमाळच्या गल्लीत, म्हणून चिडले की तोंडून वऱ्हाडीच निघते. नोकरीची बरीच वर्षं मी विद्यापीठाच्या आमच्या इथल्या केंद्रात मशीनच्या खोलीची इन्चार्ज होते. पाटीवर नाव मोठं भारदस्त होतं, ‘मध्यवर्ती उपकरण सुविधा’. पण ऑटोवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे ‘मशीनची खोली’च म्हणायचे.

कल्पना साधी होती. महागडी यंत्रं प्रत्येक विभागाला घेऊन देणं विद्यापीठाला झेपणारं नव्हतं, म्हणून सगळी एका खोलीत ठेवायची आणि सगळ्यांनी नंबर लावून वापरायची. मातीवाले यायचे, वनस्पतीवाले यायचे, जिल्ह्यातल्या कॉलेजांतले शिक्षक यायचे. गावात एकच विहीर असली की तिथं जशी भांडणं होतात, तशी आमच्याकडंही व्हायची. ‘माझा नंबर होता, हा मधीच घुसला.’ ‘ह्यानं काच तशीच घाण ठेवली.’ मग मी रजिस्टर उघडायची. कोण कधी आलं, काय वापरलं, काम कसं झालं, सगळं त्यात. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि तो फक्त मी भरायची. पानांना नंबर, खाडाखोड बंद, रजिस्टर खोलीबाहेर न्यायचं नाही. हे सगळे नियम माझेच. लोक मला भ्यायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

ती वर्षं कापसाच्या वाईट दिवसांची. भाव पडलेले, पाऊस लहरी, आणि पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव. मुंबई-दिल्लीहून माणसं गाड्या घेऊन यायची, फोटो काढायची, मातीच्या थैल्या भरून न्यायची. त्यातल्या एकानं मला विचारलं, ‘‘अशा ठिकाणी रोज काम कसं करता हो तुम्ही?’’ मी म्हटलं, ‘‘दहा ते सहा.’’ त्याला वाटलं मी गंमत केली.

पण मी त्या खोलीत सुखात होते. बाहेर काय चाललंय हे कळत नव्हतं असं नाही, येणारा प्रत्येक जण घरून काहीतरी ऐकूनच यायचा. तरी इथं आल्यावर निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळायचं. माती खारवट आहे का, पाण्यात काय आहे, हे बी कामाचं आहे का. त्या दिवसांत सरळ उत्तर देणाऱ्या जागा फार नव्हत्या. सकाळी कुलूप काढून मशीनचं बटण दाबलं आणि तो हिरवा दिवा लागला की माझा दिवस चांगला सुरू व्हायचा.

मदतीला एक मामा होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, बाभुळगावकडचे. काचसामान धुण्याचं काम त्यांचं. आधी साबण, मग पाणी, मग ज्या बाटलीत जे रसायन जायचं असेल त्याचाच एक हात. हा शेवटचा हात ते कधी चुकवायचे नाहीत. ‘‘बाई, बाटलीले कालचं काई आठवलं नाई पाह्यजे,’’ असं म्हणायचे.

आणि एक होत्या पुसदच्या मॅडम. तिथल्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, दोन लेकरांची आई, चाळिशीला टेकलेल्या. त्यांनी पीएचडीला नाव नोंदवलं होतं आणि विषय घेतला होता सरकीचा. सरकीत गॉसिपॉल नावाचा एक पिवळा पदार्थ असतो. कपाशीचं झाड तो किडीपासून वाचायला तयार करतं, पण जनावराच्या पोटात फार गेला तर अपाय करतो. आपल्या भागातल्या कोणत्या सरकीत तो किती, हे मॅडमना शोधायचं होतं, म्हणजे जनावराला सरकीची ढेप, म्हणजे पेंड, खाऊ घालणाऱ्याला अंदाज राहील. कापसाला भाव नाही तर नाही, निदान सरकीचं तरी नीट समजू द्या, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या वर्गातल्या पोरी महागावकडून, पुसदकडून मूठ-मूठ सरकी आणून द्यायच्या. ती छोट्या कापडी पिशव्यांत भरून मॅडम एक शनिवार सोडून पहिल्या एसटीनं निघायच्या. दिग्रस, दारव्हा करत यवतमाळला पोचेपर्यंत तीन तास. आल्या की पदर खोचायच्या आणि कामाला लागायच्या.

काम असं होतं. सरकी दळायची, बुचाच्या बाटलीत ॲसिटोन घालून खळखळ हलवायची, गाळायची, त्यात आणखी एक रसायन घालून गरम करायची. पिवळा रंग येतो. तो जितका गडद तितका मशीनचा आकडा मोठा. एकाच सरकीच्या तीन बाटल्या करायच्या आणि तिन्हीचा आकडा जुळला तरच तो खरा धरायचा. मॅडमच्या तिन्ही बाटल्या जुळायच्या. आदल्या वर्षीची साठवणीतली सरकी त्यांनी दसऱ्याआधी तपासली तेव्हा मी शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिलं होतं, आणि हा शब्द माझ्या पेनातून सहजी उतरत नसे.

मग खंडेनवमी आली. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, ही आमच्याकडची रीत. शेतात अवजारांची, गॅरेजमध्ये पान्ह्यांची, तशी आमच्याकडं मशीनची. बाकीचे विभाग टेबलावर एक हार टाकून मोकळे व्हायचे. माझं तसं नाही. मी घरून वाटीत हळद कालवून न्यायची, मशीन पुसून त्याला बोट लावायची, तराजूला लावायची, आणि काचसामान पुढं मांडायची. काचेवर हळद-कुंकू टिकत नाही, ओघळतं. म्हणून त्या वर्षी मी बाराही बाटल्यांच्या रबरी बुचांना हळद लावली. नुसती टेकवली नाही, चांगली चोळली. पेढे वाटले, केंद्राच्या साहेबांनी नारळ फोडला, सगळं छान झालं.

मामा त्या दिवशी नव्हते. त्यांचं घर बौद्ध, दरवर्षी ते नवमीलाच रजा टाकून बायकोपोरांसोबत नागपूरला जायचे, दसऱ्याच्या दिवशी तिथं हजर राहायला. म्हणून बाटल्या मीच धुतल्या. साबण लावला, नळाखाली धरल्या, बुचं पुसली, फडताळात ठेवल्या, आणि मामा परतल्यावर त्यांना ‘झाल्या धुऊन’ म्हणून सांगितलं. बुचं होती विटकरी लाल रंगाची. त्यावर काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

दिवाळी झाली. नव्या वेच्याची सरकी घेऊन मॅडम आल्या. तीन बाटल्यांचे तीन आकडे निघाले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी म्हटलं, होतं कधी कधी. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी मशीन तपासलं, ओळखीचं द्रावण घालून पाहिलं, मशीन ठणठणीत. मातीवाल्यांचे आकडेही बरोबर येत होते, पण ते त्याच बाटल्या नुसत्या पाण्यानं वापरत. हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या शनिवारी वनस्पती विभागाच्या दोन पोरी नंबर लावून बसल्या होत्या. मॅडमचे आकडे परत विस्कटले. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मॅडम, बाटल्यांत तर काई राह्यलं नसंल?’’

माझं टाळकंच सरकलं. माझ्या बाटल्यांत? ‘‘दसऱ्याच्या आधी याच बाटल्या होत्या ना? तवा बऱ्या जुळल्या!’’ मी म्हटलं. ‘‘नाचता येईना, अंगण वाकडं!’’

पोरी फिसकन हसल्या. मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, ‘तीन वेळा आकडे जुळले नाहीत. हातकाम असमाधानकारक.’ नियमाप्रमाणे असा शेरा पडला की नंबर बंद, आणि शेऱ्याची प्रत मार्गदर्शकांना. मॅडमनी खाली सही केली. इतक्या स्वच्छ अक्षरात केली की मला आणखी राग आला.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘‘मॅडम, माझे पुढचे नंबर दुसऱ्या कोणाले देऊन टाका. सरांचं पत्र आलं. मुदत मार्चपर्यंतच आहे, अन् हात बसत नसंल त नोंदणी रद्द करा म्हणते. मी बंद करून राह्यली.’’

सहा वर्षांचं काम होतं त्यांचं. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. दिवसभर मग रजिस्टरची पानं उगाच चाळली, पण चूक आपली असेल हे काही मनात शिरलं नाही. नियम म्हणजे नियम.

त्याच आठवड्यात एका दुपारी मामांनी हाक मारली. ‘‘बाई, इकडं या बरं जरा.’’ मोरीपाशी ते हातात बाटली धरून उभे होते. पुसदच्या मॅडम येणार नाहीत म्हणून त्यांनी सगळ्या बाटल्या ॲसिटोननं धुऊन ठेवायला काढल्या होत्या.

‘‘हे पाहा. ह्या बाटलीले त मॅडमनं हातबी नाई लावला, ही फडताळातच होती. आधी पिवळं दिसे त सरकीचंच वाटे, पण आता मी नुसतं ॲसिटोन घालून हलवलं. हे पिवळं काहून होऊन राह्यलं?’’

‘‘जुनं काही असेल,’’ मी म्हटलं. ‘‘दुसरी घ्या.’’ दुसरीही पिवळी. तिसरी जरा फिकी. बाराच्या बारा पिवळ्या, कुठं कमी, कुठं जास्त. सरकीचा एक कण आत नाही. एकीतलं ॲसिटोन मशीनमध्ये घालून पाहिलं तर आकडा उमटला, चांगला घसघशीत, जणू सरकीच तपासतोय. बाटली हलवताना ॲसिटोन बुचाला लागत होतं, आणि बुचातून काहीतरी उतरत होतं. पण काय?

मी कॉस्टिक सोड्याचा एक थेंब टाकला. पिवळं होतं ते लालभडक झालं.

कुंकू कसं करतात हे ठाऊक नाही अशी बाई आमच्याकडं सापडणार नाही. हळदीला चुना दिला की लाल, आणि कॉस्टिकही चुन्याच्याच जातीचं. हळदीचा रंग पाण्यात उतरत नाही, ॲसिटोनमध्ये उतरतो. मामा माझ्याकडं पाहत होते. ‘‘हे त हळद आहे, बाई,’’ ते म्हणाले. मग बाटली खाली ठेवून, ‘‘मी असतो त धुतल्या असत्या बरोबर.’’ त्यांनी एवढंच म्हटलं, आणि ते खरंच होतं.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते मी केलं होतं. आणि चोर तर मीच. लोकांचे हात तपासणारी मी, आणि माझ्याच बोटानं लावलेली हळद त्या बाईच्या सहा वर्षांच्या कामाला लागली. मला भयंकर लाज वाटली. रडूही आलं, ते मामांच्या समोर आलं म्हणून आणखी चिडले.

साहेबांना सांगितलं. ते भले गृहस्थ, पण साहेबच. म्हणाले, ‘‘बुचं बदलून टाका आणि मॅडमना एक जादा नंबर द्या. रजिस्टरमध्ये कशाला लिहिता? बाहेरचे लोक येतात हल्ली. हळदीमुळे प्रयोग बिघडला म्हटलं तर केंद्राचं हसं होईल.’’

‘‘त्या बाईचं हसं झालं ते चाललं का?’’ मी विचारलं. आवाज जरा चढलाच. साहेब फाईल वाचायला लागले.

मी नव्या पानावर लिहिलं, ‘पुसदच्या मॅडमबद्दलचा शेरा चुकीचा. खंडेनवमीला बुचांना हळद मी लावली आणि ती पाण्यानं मीच धुतली. दोष बुचांचा व माझा. मॅडमचं हातकाम निर्दोष.’ खाली सही केली, मार्गदर्शकांच्या नावानं प्रत काढून पोस्टात टाकली, आणि शुक्रवारी रजा घेऊन रजिस्टर पिशवीत घालून पुसदची एसटी धरली. खोलीबाहेर रजिस्टर न्यायचं नाही, हा नियम मोडणारी मीच पहिली.

कॉलेज सुटता सुटता पोचले. मॅडम प्रयोगशाळेत टेस्ट ट्यूब उपड्या घालत होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची पुसली, पाणी आणलं. मी पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं. बुचं, हळद, मामा, कॉस्टिकचा थेंब, सगळं एका दमात. त्यांनी रजिस्टर दोनदा वाचलं.

‘‘म्हणजे माझे हात बरोबर होते?’’

‘‘हो. तुमचे हात बरोबर होते.’’

त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता हायसं वाटून हसतील. पण त्या चिडल्या, आणि चिडलेल्या मी त्यांना प्रथमच पाहिलं. ‘‘तुमी मले त्या पोरींसमोर बोलल्या, मॅडम. पंधरा दिवस भाजीत मीठ टाकतानीबी मी दोनदा पाहून राह्यली. इथं पोरींसमोर ब्युरेट धराचं त भेव वाटे. वीस वर्षं शिकवून राह्यली मी हे!’’

‘‘चुकलं माझं.’’

‘‘हौ. लय चुकलं.’’

मी मान खाली घालून बसले. थोड्या वेळानं त्यांनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज, सहीसकट तयार. सोमवारी टाकणार होत्या. मला वाटलं फाडतील, पण कागद फुकट घालवणारी ती बाई नव्हे. त्यांनी तो उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर तारखांचे रकाने आखले आणि विचारलं, ‘‘मार्चपर्यंत किती नंबर देता?’’

‘‘माझे सगळे.’’ प्रत्येक शनिवारी मशीन तपासणीसाठी दोन तास माझ्या नावावर राखलेले असत. ते सगळे दिले.

‘‘अन् ह्या पानाची झेरॉक्स लागंल.’’

‘‘सरांना पोस्टानं पाठवली आहे की.’’

‘‘सरांची सरांले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही मले पाह्यजे.’’

आम्ही दोघी बाजारातल्या दुकानात गेलो, झेरॉक्स काढली. मग त्यांनी मला घरी नेऊन जेवू घातलं. भाजीत मीठ अगदी बरोबर होतं, मी तसं सांगितलंही, पण त्या काही हसल्या नाहीत.

पुढच्या शनिवारपासून त्या पुन्हा यायला लागल्या. आम्ही काचेच्या बुचांच्या नव्या बाटल्या मागवल्या आणि त्या मामांनी स्वतः धुतल्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी महागावच्या सरकीच्या तीन बाटल्या केल्या. वनस्पती विभागाच्या त्याच दोन पोरी त्या दिवशी होत्या. त्यांना मी मुद्दामच बोलावून घेतलं होतं. आकडे मी मोठ्यानं वाचले. तिन्ही सारखे. पोरींसमोर मी म्हटलं, ‘‘अंगण माझंच वाकडं होतं.’’ तेव्हा कुठं मॅडम हसल्या.

मला वाटलं आता हिशेब मिटला. पण त्यांनी उरलेल्या तीन बाटल्या माझ्यापुढं सरकवल्या. ‘‘आता तुमी करा.’’

‘‘मी? मी कायले?’’

‘‘पाहू त. तुमी दुसऱ्याच्या हातकामावर शेरा लिहिता ना?’’

आता माघार कशी घेणार? मामा दारात येऊन उभे राहिले, पोरी स्टूल ओढून बसल्या. मी पदर खोचला. सांगायला हरकत नाही, मशीनची बटणं दाबण्यात माझी बारा वर्षं गेली होती, आणि बाटली शेवटची कधी हलवली होती ते मला आठवत नव्हतं. दळलं, हलवलं, गाळलं, गरम केलं. मशीनमध्ये घातलं. पहिला आकडा बरा आला. दुसरा खाली. तिसरा तर भलतीकडंच.

मी म्हटलं, ‘‘सरकीच नीट दळली गेली नाही.’’ आणि म्हणताक्षणी मलाच इतकं हसू फुटलं की चष्मा काढून ठेवावा लागला. मग सगळेच हसले, मामाही.

‘‘जोर नाई लावाचा, मॅडम,’’ पुसदच्या बाई म्हणाल्या आणि माझं मनगट धरून दाखवलं. ‘‘बाटली आडवी धरा. सगळ्याले सारखाच वेळ द्या. घाई झाली की फरक पडते.’’ मी पुन्हा तीन केल्या. दोन जुळल्या, तिसरी अजूनही हट्टाला पेटलेली.

निघायची वेळ झाली तेव्हा मी रजिस्टर उघडून त्यांच्या ओळीपुढं ‘अत्यंत समाधानकारक’ असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, खाली आणखी एक ओळ आखून तिच्यात माझं नाव घातलं, आणि ज्या रकान्यात आजवर माझ्याशिवाय कोणी लिहिलं नव्हतं तिथं, आपल्या त्या स्वच्छ अक्षरात, लिहिलं, ‘हात बसतो आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा यावे.’

मी गेले. मार्चपर्यंत एक शनिवार चुकवला नाही.